मेथीच्या शेडमधली इर्जिक

दिवाळी तोंडावर आली तरी पाऊस हलायचे नाव घेईना. विष्णूबाबांनी हवामानाचे ॲप बघणेच सोडून दिले होते. गमबूट चढवायचे, शेडच्या दारात उभे राहून आभाळाला दोन शिव्या हासडायच्या आणि कामाला लागायचे, असा त्यांचा क्रम झाला होता. लंडनजवळच्या स्लाऊच्या पलीकडे, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली, त्यांनी खंडाने घेतलेले रान होते. प्लॅस्टिकच्या लांब टनेलमधली कोथिंबीर आणि पालक सुखात होते. घोर होता तो ओढ्याकडच्या उघड्या पट्ट्यातल्या मेथीचा. ओढा फुगला की पहिले पाणी तिथेच शिरायचे, आणि पिनरपर्यंतच्या दुकानदारांना दिवाळीची मेथी कबूल करून बसलेले.

रोवेना, त्यांची सून, शेडमध्ये जुड्या बांधत होती. मुळांची माती झटकायची, मूठभर काड्या सारख्या करायच्या, रबर चढवायचे आणि जुडी क्रेटमध्ये उभी करायची. बोटे गारठून लाल झाली होती आणि नखांतली हिरवट माती आता सणावारालाही निघत नसे. समोर उलट्या क्रेटवर तिचा लॅपटॉप होता. त्यात चौकटीचौकटीत बायका बसलेल्या, फिलिपिन्समधल्या पनाय बेटावरच्या तिच्या गावच्या. तिकडे दुपार कलली होती. कुणाच्या मागे कोंबड्या फिरत होत्या, कुणाच्या मांडीवर पोर पेंगत होते. सगळ्या डोळ्यांत तेल घालून आपापल्या स्क्रीनकडे बघत होत्या.

"तुझा तो शिनेमा बंद कर जरा," तिच्या सासूबाई, वैजयंतीबाई, क्रेट आपटत म्हणाल्या. "रबरं संपल्यात. डबा कुठं ठेवलायस? आणलास का तरी?"

रोवेनाने मान वर केली आणि भुवया उडवल्या.

"आली बघा पुन्हा! आगं, तोंडानं बोल की."

"हो आई. आणलाय. खिडकीत हाय."

रोवेनाचे मराठी सासूच्या हाताखाली तयार झालेले, त्यामुळे ते सरळ सांगली जिल्ह्यातले होते. पुण्याची माणसे तिचे बोलणे ऐकून आधी चमकत आणि मग हसत. पण भुवयांची खोड काही गेली नव्हती. तिच्या गावाकडे भुवया उडवल्या म्हणजे हो. त्यासाठी तोंड उघडायची गरज नाही. वैजयंतीबाईंना लग्नानंतर कितीतरी दिवस वाटायचे की ही बया आपल्याला वेडावते. त्यावरून एकदा घरात चांगले महाभारत झाले होते. कारण कळल्यावरही त्यांचा राग पुरता निवळला नव्हता. सुनेने सासूला भुवई दाखवायची म्हणजे काय?

रोवेना या देशात आली ती स्लाऊच्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला. तिथल्या किचनला भाजी पोचवणारा विष्णूबाबांचा मुलगा अनय तिला भेटला आणि पुढचे सगळे घडले. कॉम्प्युटरचे काम मात्र मेथीने आणून दिले. रीडिंगच्या एका कंपनीत मॅनेजर असलेली देवयानी दर शनिवारी मेथी न्यायला यायची. त्यांच्या कंपनीचे सॉफ्टवेअर डॉक्टरांच्या दवाखान्यांत चालते. ते बाजारात जाण्याआधी खोटे पेशंट घालून, हरेक बटण दाबून, कुठे चुकते ते शोधायला माणसे हवी होती. रोवेनाने जुडी बांधता बांधता विचारले, "घरी बसून चालंल?" देवयानी हसली, पण तिने संधी दिली. रोवेना शिकली, आणि मग तिने गावच्या बायकांना शिकवले.

गावच्या बायका म्हणजे तिची धाकटी बहीण मारिसेल आणि तिच्या शेजारणी. त्या गावात बाईने कमवायचे तर विमानात बसायचे, दुसरी वाट नव्हती. रोवेना आणि मारिसेलची आई हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांची पोरे सांभाळत म्हातारी झाली, आणि या दोघींना वेण्या घालायला शेजारच्या मावशीने शिकवले. मारिसेलचाही पासपोर्ट तयार होता. आखातातल्या कुठल्याशा घरी मोलकरीण म्हणून ती निघालीच होती, इतक्यात हे काम मिळाले आणि पासपोर्ट कपाटात गेला. तिची मुलगी पिया त्या दिवशी आनंदाने नारळाच्या झाडावर चढून बसली आणि उतरेना.

त्या आठवड्याच्या शनिवारी देवयानी आली ती छत्रीही न उघडता शेडमध्ये घुसली. तिने मेथीकडे बघितलेसुद्धा नाही.

"काकू, रोवेनाशी जरा बोलायचंय."

"बोल की. हितंच बोल. आमची काय चोरी हाय?" वैजयंतीबाई म्हणाल्या.

देवयानीने ओठ चावला. "रोवेना, तुझ्या टीमचे सगळे अकाउंट्स काल रात्री लॉक केलेत. गेल्या आठवड्यात तिकडे वादळ होतं ना? मारिसेलच्या घरी लाइट नव्हते, पण तिचं काम पूर्ण झालं. सिस्टिमला दिसतंय की तिच्या नावानं वेगवेगळ्या घरांतून लॉग-इन झालंय. सिक्युरिटीवाले म्हणतायत, दिस इज चीटिंग. कॉलिन तर सरळ कॉन्ट्रॅक्ट बंद करायला निघालाय."

कॉलिन हा देवयानीच्या वरचा साहेब. रोवेनाच्या हातातली जुडी सुटली आणि काड्या चिखलात पडल्या.

"चीटिंग न्हाई, देवयानीताई. तिची लाइट गेली, म्हणून बाकीच्यांनी केलं. तिचं नाव मागं पडू नये म्हणून."

"आय नो गं. पण पासवर्ड वाटायचे नसतात, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी किती डिफेंड करू? माझ्यावरही प्रश्न येतायत, की हे लोक तुम्ही आणले कुठून. सोमवारी सकाळी कॉलिन सगळ्यांना व्हिडिओवर घेणार आहे. खरं काय ते एकदा विचारेन, म्हणाला. त्यांना बोलायला सांग. गेल्या वेळी त्यानं काही विचारलं की सगळ्या नुसत्या गप्प बसायच्या."

"गप्प न्हवत्या," रोवेना पुटपुटली. "हो म्हणत हुत्या."

देवयानीला ते काही समजले नाही. जाताना तिने मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, ठेवल्या, पुन्हा घेतल्या आणि पावसात निघून गेली. वैजयंतीबाईंनी चिखलातल्या काड्या उचलल्या, धुतल्या आणि स्वतःच त्यांची जुडी बांधली. चीटिंग हा शब्द त्यांना पुरेपूर कळला होता. त्यांच्या शेडमध्ये उभे राहून त्यांच्या सुनेला कुणी लबाड म्हणावे, हे त्यांच्या पचनी पडले नाही. स्वतः सुनेला वाटेल ते बोलायचा मक्ता त्यांनी घेतलेला होता, तो वेगळा.

संध्याकाळी मारिसेलचा फोन आला. ती रडली नाही, तेच रोवेनाला जास्त लागले. ती एवढेच म्हणाली, "मनांग, आखातवाल्या एजंटनं परत विचारलंय. सोमवारनंतर कळवते असं सांगितलं." मनांग म्हणजे थोरली बहीण. मागून पिया काहीतरी गाणे म्हणत होती. रोवेनाने फोन ठेवला आणि टनेलमध्ये जाऊन, पालकाच्या वाफ्यात बसून, पोटभर रडून घेतले.

रविवारी कौन्सिलचा मेसेज आला की ओढ्याला पूर येणार. मेथी काढायची तर आता, नाहीतर नाही. नेहमीचे मजूर कुणी फोन उचलीनात.

"माझा व्हॅन रेडी आहे, बाबा, पण भरणार काय?" अनय म्हणाला. स्लाऊमध्ये जन्मलेल्या अनयला कुठल्या वस्तूला माझा म्हणायचे आणि कुठल्या वस्तूला माझी, हे आजवर जमलेले नव्हते. "चार माणसांनी एवढं मोठा पट्टा कसं होणार? इट्स नॉट पॉसिबल."

रोवेना फोन घेऊन बाहेर गेली. चर्च सुटल्यावर दोन गाड्या चिखलात येऊन थांबल्या. त्यातून स्लाऊच्या केअर होममधल्या तिच्या जुन्या मैत्रिणी उतरल्या. लिगाया होती, टेस होती, आणखीही होत्या. चर्चचे चांगले कपडे काढून त्यांनी गाडीतच जुने चढवले होते. एकीच्या हातात भाताचे भले मोठे पातेले होते. कुणी काही विचारले नाही. पट्ट्यात रांग धरून त्या वाकल्या, आणि एकीने गाणे काढल्यावर बाकीच्यांनी ते उचलले. डोक्यावरून विमान गेले की गाणे बुडायचे, विमान पुढे गेले की आहे तिथून पुन्हा वर यायचे.

वैजयंतीबाई ओशाळल्या. "आगं, ह्यांना द्यायचं काय? सुट्टीच्या दिवशी बोलावलंस."

"काय न्हाई द्यायचं, आई. दाग्याव हाय."

"ते काय आणि?"

"गावाकडं असं असतंय. एकीच्या रानाला गरज लागली की सगळ्या येतात. मोजायचं न्हाई. जेवायला फक्त घालायचं. उद्या हिच्याकडं काम निघालं की मी जाणार."

विष्णूबाबा क्रेट उचलता उचलता थांबले. पावसाने निथळणारा त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आगं, ही तर इर्जिक!" ते ओरडले. "वैजू, आठवतंय का? तुझ्या बापाचा बैल मेला तवा सारं गाव औतं घिऊन आलं हुतं. दिवस मावळायला रान नांगरून मोकळं, आणि तुझ्या आईनं सगळ्यांस्नी गुळवणी-पोळी घातली!"

वैजयंतीबाईंना आठवत होते. त्या पंगतीत परकरी पोर म्हणून त्यांनीच पाणी वाढले होते. त्या तशाच वळल्या, घरात गेल्या, आणि दुपारी भाकऱ्यांची चळत आणि पातेलेभर पिठले घेऊनच बाहेर आल्या. शेडमध्ये क्रेटवर बसून सगळ्यांनी भाताबरोबर पिठले हाणले. लिगाया तिसऱ्यांदा वाढून घेताना वैजयंतीबाईंनी विचारले, "आवडलं?" लिगायाचे तोंड भरलेले होते. तिने भुवया उडवल्या. वैजयंतीबाईंनी तिला आणखी एक डाव वाढला.

हात धुताना त्या रोवेनाजवळ आल्या. "मग तुझ्या भैणीचंबी असंच झालं की. तिची लाइट गेली, बाकीच्यांनी हात लावला. त्यात लबाडी कसली?"

"त्यांच्या मशीनला कुणी केलं त्याचं नाव लागतं, आई. आम्ही नाव खोटं लावलं. ती चूक आमचीच."

"मग चूक झाली म्हणून सांग. पण मान खाली घालून सांगू नगंस."

अंधार पडेपर्यंत बरीच मेथी निघाली, पण ओढ्यालगतचा भाग राहिला. मैत्रिणी ड्यूटीला गेल्या. सोमवारी उजाडता उजाडता पाणी बांधावर आले.

रोवेना कंबर वाकवून उपटतच होती. पाणी गमबुटाच्या टाचेला लागले होते. कॉलची वेळ होत आली तरी तिचा पाय निघेना. सासरा गुडघे धरून धरून वाकतोय आणि आपण लॅपटॉपसमोर जाऊन बसायचे, हे तिच्या जिवावर आले होते.

"व्हय पुढं," वैजयंतीबाई तिच्या हातातली मूठ काढून घेत म्हणाल्या. "जा शेडमधी. मेथी मी बघते."

"आई, पाणी—"

"पाणी मला दिसतंय. तिकडं तुझं रान बुडाय लागलंय. जा म्हणते ना!"

तेवढ्यात लिगायाची गाडी आली. रात्रपाळी संपवून ती आणि टेस केअर होमच्या गणवेशातच आल्या होत्या. वरून नुसती जॅकेटे घालून त्या पट्ट्यात उतरल्या. रोवेनाने त्यांच्याकडे एकदा बघितले आणि ती शेडकडे धावली.

स्क्रीनवर कॉलिन होता. गोरा, दमलेला, सौजन्याने बोलणारा माणूस. त्याच्या बाजूच्या चौकटीत देवयानी ताठ बसली होती. खाली गावच्या बायका होत्या, केस विंचरून, घरातले चांगले कपडे घालून. कॉलिनने आवाज न चढवता विचारले, "तुम्ही एकमेकींच्या नावाने काम केलंत, हे खरं आहे का?"

बायकांनी एकामागून एक भुवया उडवल्या. कॉलिन उत्तराची वाट बघत राहिला.

"सर, सगळ्यांनी हो म्हटलंय," रोवेना म्हणाली. "आमच्याकडे भुवया उडवणं म्हणजे हो. आजपर्यंत तुम्ही जे जे विचारलंत, त्याचं उत्तर त्यांनी तेव्हाच दिलं होतं."

कॉलिनने क्षणभर डोळे बारीक केले. मग तो म्हणाला, "म्हणजे कितीतरी उत्तरं मला मिळूनही कळली नाहीत म्हणायची." देवयानीच्या खांद्यांतला ताठपणा थोडासा सैलावला.

"पासवर्ड वाटले ही चूक," रोवेना पुढे म्हणाली. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होते, ते तिने पुसले नाही. "ती पुन्हा होणार नाही. पण फसवलं नाही. काम एकीनंही चोरलं नाही. ते कसं केलं, आणि करताना काय सापडलं, ते माझी बहीण सांगेल."

मारिसेल आजवर कुठल्याच कॉलमध्ये बोललेली नव्हती. तिने घसा खाकरला. आवाज आला तो इतका बारीक की देवयानीने कान पुढे केला. "सर, सांगून कळणार नाही. दाखवू का? एक अकाउंट फक्त थोडा वेळ उघडा."

कॉलिनने थोडा विचार केला आणि मान डोलावली. मारिसेलने एका खोट्या पेशंटचे औषध भरून पाठवले. मग दुसऱ्या पेशंटचे नाव लिहिले, औषध लिहिले, आणि गोळ्या किती ते लिहायच्या आधीच उठून घराचे वायफाय बंद केले. तिची चौकट काळी झाली. वादळात हेच झाले होते. मग तिची शेजारीण जोनालिन स्वतःच्या घरून त्याच नावाने आत शिरली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत औषधाची ती अर्धवट चिठ्ठी आपणहून पाठवली गेली. नाव दुसऱ्या पेशंटचे, आणि गोळ्यांचा आकडा पहिल्याचा.

 कॉलिन पुढे झुकला. "पुन्हा करा," तो म्हणाला. त्यांनी पुन्हा केले. पुन्हा तेच घडले.

"पण खऱ्या दवाखान्यात एकाच नावाने दोन ठिकाणी कोण शिरतं?" त्याने विचारले.

"सगळेच, कॉलिन," देवयानी म्हणाली. "रिसेप्शनवर एक जण चहाला उठतो, दुसरा शेजारच्या मशीनवर त्याचंच काम पुढे चालवतो. माझ्या डॉक्टरकडे गेले की मी नेहमी बघते. आणि आपण हे पुढच्या महिन्यात दवाखान्यांना देणार होतो."

कॉलिनने चष्मा काढून डोळे चोळले. एखाद्या म्हाताऱ्याला भलत्याच गोळ्या गेल्या असत्या, हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. "हे तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो," मारिसेल परत स्क्रीनवर येत म्हणाली. आता तिचा आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला. "त्याच्या आधी तुम्ही दार लावलंत."

 धाकटी बहीण साहेबाला असे तोंडावर बोलेल हे तिला स्वप्नातही वाटले नव्हते. कॉलिन चक्क हसला. "बरोबर आहे. मी लावलं."

मग रोवेनाने आदल्या दुपारी पिठले खाताना डोक्यात आलेले सगळे सांगून टाकले. प्रत्येकीला स्वतःचा पासवर्ड, तो कुणाला द्यायचा नाही. पण काम एकेकीचे नाही, साऱ्या जणींचे. एकीची वीज गेली तर दुसरीने तिचे काम उघडपणे, आपल्या नावाने उचलायचे, आणि त्यासाठी कुणाला मागे टाकायचे नाही. "आमच्याकडे भात असाच लावतात," ती म्हणाली. मग दाराकडे बघून म्हणाली, "माझ्या सासऱ्यांच्या गावातही."

"आणि या टीमची प्रमुख? तूच?" कॉलिनने विचारले.

"मी नाही. मारिसेल. ती तिथेच असणार आहे."

कॉलिनने देवयानीकडे बघितले. देवयानीने मान हलवली. "खाती आजच उघडा," तो म्हणाला. "टीम म्हणून करार करू. आणि मारिसेल, वादळ येईल तेव्हा आम्हाला नक्की कळव. मला वाटतं, आमचं सगळं सॉफ्टवेअर एकदा वादळातून काढायला हवं."

तो गेला. देवयानी मागे राहिली आणि तिने डोळे टिपले. "रोवेना, कमाल केलीत गं. काकूंना सांग, शनिवारी येते. पिठल्याचं ऐकलंय मी अनयकडून." तीही गेली. आता उरल्या गावच्या बायका आणि एकच गलका झाला. कुणी टाळ्या पिटत होते, कुणी रडत होते, कोंबड्या सैरावैरा पळत होत्या. पिया आईच्या मांडीत घुसली. "जाणार नाहीस ना?" तिने विचारले.  मारिसेलने मुलीकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या, आणि पिया जी ओरडली ती इकडे शेडच्या पत्र्याला ऐकू गेली असेल.

रोवेनाला एकदम मेथी आठवली. ती वळली तर शेडचे दार उघडे होते. बाहेर ओढ्याकडचा पट्टा दिसत नव्हता. तिथे तपकिरी पाणी पसरले होते आणि त्यावर पाऊस नाचत होता. 

"आई!"

वैजयंतीबाई दाराच्या आडोशाला, क्रेटच्या थप्पीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. मांडीपर्यंत चिखल, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात काड्या सारख्या करण्यात गुंतलेले आणि दातांत रबरांचा झुबका धरलेला. शेजारी लिगाया आणि टेस बसल्या बसल्याच पेंगत होत्या. पलीकडे विष्णूबाबा आणि अनय व्हॅन भरत होते.

"आई, निघाली का हो मेथी? सगळी?"

वैजयंतीबाईंनी सुनेकडे बघितले. तोंड काही रिकामे नव्हते. त्यांनी भुवया उडवल्या, अशा झोकात की कपाळावरचा चिखल तडकला.

लॅपटॉप दाराकडे तोंड करून चालूच होता. समुद्रापलीकडच्या त्या सगळ्या बायका एकदमच हसत सुटल्या.

"मनांग," मारिसेल ओरडली, "तुझी सासू आपल्या गावची झाली!"

वैजयंतीबाईंनी दातांतली रबरे हातात घेतली. "काय म्हणती ती?"

रोवेनाने सांगितले. म्हातारी लाजली, पण तिने ते दिसू दिले नाही. "हसाय काय झालं? ये, बस हितं. व्हॅन जायच्या आत एवढ्या जुड्या व्हायला पायजेत," ती म्हणाली, आणि अर्धी रबरे तिने सुनेच्या हातात ठेवली.